कार्ट्रिज फेकू नका, शाई भरा; पण हिशेबाने

ऑगस्ट महिना आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील दुकानदाराची परीक्षा पाहतो. शेतकऱ्याचा पैसा बी-बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, कापूस बाजारात यायला दिवाळी उजाडते, आणि तोपर्यंत गल्ल्यापेक्षा उधारीची वहीच अधिक भरत जाते. अशा दिवसांत दुकानातल्या प्रिंटरवरचा दिवा लुकलुकू लागतो. शाई संपलेली असते. नवी कार्ट्रिज आणायची तर शेकड्यांनी रुपये मोजावे लागतात. काळी आणि रंगीत दोन्ही एकदम संपल्या तर दोघींच्या किमतीत थोडी भर घालून नवा प्रिंटरच आणावा, असा विचार मनात येतो. आमच्या काही बंधूंनी तसे केलेही आहे. जुना प्रिंटर माळ्यावर धूळ खातो, नवा टेबलावर, आणि चार महिन्यांनी त्याचाही दिवा लुकलुकतो.

व्यापाराच्या पानावर कापसाचे भाव, जीएसटी, बँकांचे कारभार अशा मोठ्या गोष्टी सोडून आम्ही शाईच्या थेंबांवर का लिहावे, असे कोणी विचारील. परंतु प्रिंटर आता एकट्या झेरॉक्सवाल्याचा राहिलेला नाही. पुसदचा फर्निचरवाला गिऱ्हाइकाला कोटेशन छापून देतो, दिग्रसचा गॅरेजवाला बिल छापतो, बेकरीवाला पाकिटावरची लेबले घरीच काढतो, शिवणकाम करणाऱ्या भगिनी नक्षीचे नमुने छापून घेतात. रमजानच्या आधी सहर-इफ्तारचे वेळापत्रक दुकानाच्या नावासह छापून वाटण्याची रीत तर गावोगाव आहे. जून-जुलैत प्रवेशाचे आणि दाखल्यांचे अर्ज सुरू झाले की सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणांना श्वास घ्यायला फुरसत नसते. या सगळ्यांच्या खर्चात शाईचा वाटा मुकाट्याने जातो, आणि तो कोणी वेगळा लिहून ठेवत नाही.

आमचे मत असे की ज्याच्याकडे लहान इंकजेट प्रिंटर आहे आणि ज्याची छपाई बेताची आहे, त्याने कार्ट्रिजमध्ये घरी शाई भरायला शिकावे. त्यात कमीपणा काही नाही आणि चोरीही नाही.

आधी हिशेब पाहू. खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, वाचकांनी आपल्या पावतीवरचे आकडे घालावेत. समजा, काळी कार्ट्रिज 800 रुपयांना आली आणि तिच्यातून 200 पाने निघाली. पानामागे 4 रुपये झाले, कागद आणि वीज वेगळी. आता समजा, 100 मिलीलिटर शाईची बाटली 200 रुपयांना मिळाली आणि एका वेळी 5 मिलीलिटर भरली. शाईचा खर्च झाला 10 रुपये. तीच कार्ट्रिज चार वेळा भरून बाद झाली असे धरले, तरी मूळचे 800 आणि भरलेल्या शाईचे 40 मिळून 840 रुपयांत 1000 पाने निघाली. पानामागे 84 पैसे पडले. थोडी शाई सांडली, थोडी नळ साफ करण्यात गेली, एखादे पान वाया गेले असे धरून रुपया म्हणा. चार रुपयांचे पान रुपयात पडले, तर ज्याच्या दुकानात महिन्याला 300 पाने निघतात त्याचे महिन्याला 900 रुपये वाचतात. लहान दुकानदाराला ही रक्कम लहान नाही. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघू शकतो.

एक खबरदारी येथेच सांगतो. डब्यावर छापलेला पानांचा आकडा ठरावीक नमुन्याच्या पानांवरून काढलेला असतो, आणि त्या पानांवर मजकूर विरळ असतो. तुमचे बिल ठसठशीत रेघांचे आणि मोठ्या बोधचिन्हाचे असेल तर पाने कमीच निघणार. म्हणून डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. कार्ट्रिज लावली त्या दिवशी तारीख लिहावी आणि कागदाची किती रिमे संपली ते पाहावे.

शाई इतकी महाग का? कंपन्यांची रीत जुनी आहे: यंत्र स्वस्तात द्यायचे आणि कमाई मागाहून लागणाऱ्या वस्तूंवर करायची. दाढीच्या रेझरचा दांडा आणि पाते यांचा धंदाही असाच चालतो. कंपन्यांचेही काही म्हणणे आहे. छपाईचे बारीक तंत्र शोधून काढायला पैसा लागतो, आणि लहान प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाईबरोबर छापणारे डोकेही असते. मात्र आमचा मुद्दा इथेच निघतो. डोके शाबूत असताना केवळ शाई संपली म्हणून डोक्यासकट सगळे उकिरड्यावर का टाकायचे?

या डोक्याचे काम कसे चालते ते ठाऊक असले तर शाई भरताना चुका कमी होतात. 1977 साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा चुकून स्पर्श झाला आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. इचिरो एंडो या अभियंत्याच्या ते लक्षात आले. पुढे त्यातूनच उष्णतेने शाईचा बुडबुडा करून थेंब फेकण्याची युक्ती निघाली. अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डचे लोक त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते, आणि त्यांचा थिंकजेट हा फेकाऊ कार्ट्रिजचा प्रिंटर 1984 मध्ये बाजारात आला. म्हणजे ज्या सिरिंजने आज आपण शाई भरतो, तिच्याच करामतीतून हे यंत्र जन्मले, ही गंमत आहे. कामाची गोष्ट अशी की केसाहून बारीक छिद्रांमागे तापणारे सूक्ष्म घटक असतात आणि शाई हेच त्यांचे गारवा देणारे पाणी असते. शाई नसताना छापत राहिले तर ते जळतात. मग कितीही शाई भरा, कार्ट्रिज जिवंत होत नाही. म्हणून अक्षरे फिकी पडू लागली की थांबावे. पान पांढरे निघेपर्यंत रेटू नये. शाई भरूनही कार्ट्रिज चालत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची चूक आम्हाला बहुतेक वेळा हीच आढळली आहे.

भरण्याची रीत अवघड नाही. टेबलावर जुने वर्तमानपत्र चार पदरी अंथरावे. जुम्म्याच्या नमाजला निघण्यापूर्वी पांढऱ्या कुर्त्यात हे काम करू नये, हे आम्ही अनुभवाने सांगतो. वरचे लेबल हलक्या हाताने उचलले की खाली बारीक छिद्रे दिसतात. काळ्या कार्ट्रिजमध्ये एकच खण असतो, रंगीतमध्ये तीन. कोणत्या छिद्राखाली कोणता रंग आहे ते दात कोरण्याची काडी घालून आधी पाहावे. लेबलावरच्या ठिपक्यांवर भरवसा ठेवू नये, कारण एक रंग दुसऱ्या खणात गेला की रंगीत कार्ट्रिज संपली. आत शाई शोषणारा स्पंज असतो. सुई त्यात उतरवून शाई अगदी सावकाश सोडावी. घाई केली तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि छापताना मध्येच रेघा सुटतात. छिद्राशी शाई दिसू लागली की थांबावे आणि किंचित मागे ओढून घ्यावी. पोते भरल्यासारखी ठासून भरली की खालून गळते.

मग कार्ट्रिजचे तोंड घडी घातलेल्या टिश्यू कागदावर हलके टेकवावे. काळीचा एक सलग पट्टा उठला पाहिजे, रंगीतचे तीन वेगळे पट्टे. तांब्याच्या चकचकीत ठिपक्यांना बोट लावू नये. लेबल परत चिकटवताना हवा जाण्याची बारीक वाट बुजवू नये. वरून सेलोटेप गच्च लावली की हवा आत जात नाही, हवा आत गेली नाही की शाई खाली येत नाही, आणि लोक म्हणतात शाई खराब होती. तोंड साफ करायचे तर डिस्टिल्ड वॉटर वापरावे, जे बॅटरीत घालतात ते. आमच्या जिल्ह्यातील बोअरचे पाणी क्षारांचे आहे. ते सुकले की छिद्रात पांढरा थर राहतो. सुई वापरून झाली की मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. दवाखान्यातली वापरलेली सिरिंज तर कदापि आणू नये.

कार्ट्रिज परत लावली तरी यंत्र शाई संपल्याचे सांगत राहील. याने गडबडू नये. बहुतेक लहान प्रिंटर आतली शाई पाहत नाहीत, उडवलेले थेंब मोजतात. आपण शाई भरली हे त्यांना कळत नाही. सूचना मान्य करून पुढे जाता येते. कॅननच्या अनेक प्रिंटरवर थांबवण्याचे बटन पाच-सहा सेकंद दाबून धरले की ती बंद होते.

आमच्याकडच्या हवेबद्दल दोन शब्द. उन्हाळ्यात पारा 44-45 वर जातो आणि आठवडाभर न वापरलेल्या प्रिंटरची छिद्रे सुकतात. म्हणून काम नसले तरी आठवड्यातून एकदा काळे आणि रंगीत मिळून एक पान काढावे. प्रिंटर भिंतीवरच्या बटनाने बंद करू नये, त्याच्या स्वतःच्या बटनाने करावा. तसे केले की डोके आपल्या झाकणावर जाऊन बसते. भारनियमनात वीज अचानक गेली तर ते मध्येच उघडे राहते. वीज आल्यावर एकदा चालू करून रीतसर बंद करावे. आणि यंत्राला सारखी सारखी सफाईची आज्ञा देऊ नये. प्रत्येक सफाईत भरलेली शाई उडते आणि पोटातल्या बोळ्यात मुरते. वाचवलेला पैसा तिथेच जातो.

आता कुठे भरू नये तेही सांगितले पाहिजे. शाई दोन जातीची. एकीत रंग पाण्यात विरघळलेला असतो, दुसरीत रंगाचे अतिबारीक कण तरंगत असतात. पहिली पाण्याचा थेंब पडताच पसरते आणि उन्हात विटते, दुसरी टिकते. अनेक काळ्या कार्ट्रिज मुळात कणांच्या शाईच्या असतात, आणि दुकानात स्वस्त मिळणारी बाटली पुष्कळदा विरघळणाऱ्या शाईची. बाटली घेताना कार्ट्रिजचा क्रमांक सांगावा आणि जात विचारून घ्यावी. दोन जाती मिसळल्या तर गाठी होऊन छिद्रे बुजतात. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. सहा वर्षांनी अधिकाऱ्यासमोर विटलेले बिल ठेवण्यात काय अर्थ? भाडेपत्र, भागीदारीचा करार, वाटणीचा कागद अशा गोष्टी घरच्या स्वस्त शाईवर काढू नयेत. शेजारच्या दुकानात लेझर प्रिंटरवर काढाव्यात. त्याची पूड कागदावर वितळून बसते, ओली होऊन पसरत नाही. अडतीच्या दुकानांतला रिबनचा खडखडणारा प्रिंटरही या बाबतीत भरवशाचा आहे. त्याला जुना म्हणून हिणवू नये.

वॉरंटीची गोष्ट विक्रेते भीती घालण्यासाठी सांगतात, पण ती सर्वस्वी खोटी नाही. बाहेरच्या शाईमुळे बिघाड झाला असे ठरले तर दुरुस्ती मोफत मिळत नाही. नवा प्रिंटर असेल तर कागदावरची अट वाचावी आणि मग ठरवावे. काही कंपन्यांनी प्रिंटरमध्ये अशी व्यवस्था ठेवली आहे की इंटरनेटवरून नवा प्रोग्राम येतो आणि दुसऱ्याची चिप असलेली कार्ट्रिज अचानक नाकारली जाते. 2016 च्या सप्टेंबरात एचपीच्या अशा एका प्रकाराने जगभर गिऱ्हाइके संतापली होती, आणि इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2020 मध्ये त्या कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. मूळ चिपची आपलीच कार्ट्रिज भरून वापरणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. दुसऱ्याची जोडकार्ट्रिज विकत घेण्यापेक्षा आपली भरणे बरे, याचे हेही एक कारण.

जुनी वस्तू पुन्हा कामाला लावणे हा आमच्या समाजाच्या कारागिरीचाच भाग होता. तांब्या-पितळेची भांडी झिजली म्हणून कोणी मोडीत काढत नसे, कल्हईवाला दारात भट्टी मांडून ती पुन्हा चकचकीत करून देई. गादी दबली की आमचे मन्सुरी-पिंजारी बंधू तोच कापूस पिंजून पुन्हा भरून देत. आजही देतात. उधळपट्टीबद्दल सूरह बनी इस्राईलमध्ये जी ताकीद आहे ती वाचकांना सांगायला नको. शाई भरणाऱ्याला कवडीचुंबक म्हणून हसणाऱ्यांनी ती आठवावी.

परंतु याच कामाला दुसरी बाजू आहे आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. शाई भरलेली कार्ट्रिज जुन्या डब्यात घालून, वर प्लॅस्टिक लावून, नवी म्हणून विकण्याचा प्रकार बाजारात आहे. आम्हीही एकदा फसलो. घाईत घेतलेल्या नव्या कार्ट्रिजने तीस पानांत मान टाकली, आणि लेबल उचलून पाहिले तर छिद्राभोवती सुईचे ओरखडे होते. दुकानदार बिल द्यायला तयार नव्हता तेव्हाच आम्ही ओळखायला हवे होते. खेदाची बाब ही की असा धंदा करणाऱ्यांत आपलीही मुले आहेत. कोणी याला चलाखी म्हणत असेल, आम्ही तिला फसवणूकच म्हणतो.

मदीनेच्या बाजारातील तो प्रसंग हदीसमध्ये आला आहे आणि प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, आतला माल ओला लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, मग ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. धान्य ओले होणे हा गुन्हा नव्हता, ते झाकणे हा होता. भरलेली कार्ट्रिज म्हणजे तो ओला माल. वर ठेवून विका, कोणी बोलणार नाही. लेबलावर मराठीत ‘पुन्हा शाई भरलेली’ असे लिहा, भरल्याची तारीख घाला, कितवा भरणा ते सांगा, किंमत त्या मानाने कमी ठेवा आणि आठ दिवसांत बंद पडली तर पैसे परत द्या. पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवड्यात असा भरवशाचा माणूस मिळाला तर लोक कार्ट्रिजसाठी नागपूर किंवा नांदेड कशाला गाठतील? सिरिंज, चार बाटल्या आणि स्वच्छ टेबल एवढ्या भांडवलात हा जोडधंदा उभा राहतो. बाटलीवर 100 मिलीलिटर लिहिले असेल तर आत शंभरच असावेत, हेही आलेच. मापात कमी देणाऱ्यांच्या नावाची स्वतंत्र सूरह कुरआनात आहे.

कायदाही याच रेषेवर उभा आहे. आपली कार्ट्रिज आपल्या वापरासाठी भरणे ही एक गोष्ट, भरलेली दुसऱ्याच्या नावाने विकणे ही दुसरी. परदेशातील न्यायालयांचे एकमत नाही. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये कॅननच्या रिकाम्या कार्ट्रिज भरून विकणाऱ्याविरुद्ध निकाल दिला, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात सांगितले की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क तेथेच संपतो. आपल्याकडे 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यात मालाची स्थिती बदलली असेल तर चिन्हाचा मालक पुढील विक्रीला हरकत घेऊ शकतो, आणि खोटे चिन्ह लावून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. जुन्या डब्यात घालून विकणाऱ्या तरुणांना हे ठाऊक नसावे असे आम्हाला वाटते.

ज्याची छपाई रोज पन्नास-शंभर पानांची आहे त्याने मात्र सिरिंजच्या भानगडीत पडू नये. त्याच्यासाठी टाकीचा प्रिंटर आहे. एप्सनने तो 2010 मध्ये प्रथम इंडोनेशियात आणला, आणि त्यामागची हकीकत आम्हाला फार आवडते. तिकडचे लहान दुकानदार कंपनीच्याच प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून देत होते. कंपनीने पाहिले की बाजार हातातून चालला, मग तेच काम तिने स्वतः नीटनेटके करून विकले. पुढे कॅनन आणि एचपीही त्याच वाटेने आले. या प्रिंटरची किंमत सुरुवातीला जास्त असते, म्हणून दुकानदार हप्त्याची गळ घालतो. बिनव्याजी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हप्त्यातही प्रक्रिया शुल्क किंवा रोखीवर मिळणारी सूट बुडणे असे काही लपलेले असते, ते कागद वाचून पाहावे. व्याजात पडण्यापेक्षा आमच्या मते दुसरी वाट बरी. आजची कार्ट्रिज चार वेळा भरावी, वाचलेले महिन्याचे नऊशे रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत. वरच्या हिशेबाने वर्षाला दहा हजारांहून अधिक जमतात. तेवढ्यात टाकीचा प्रिंटर रोखीने घेण्याची तयारी होते, आणि तोवर कापसाचा हंगामही आलेला असतो. बाद झालेल्या कार्ट्रिज त्या दिवशी नालीत टाकू नयेत. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचेही नाव आहे, तेव्हा त्या एका पिशवीत जमवून अधिकृत संकलन करणाऱ्याकडे द्याव्यात.